ओले तळहात

डिसेंबरातल्या नाशिकमध्ये सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते, तेव्हाही माझ्या तळहातांना घाम येतो. उन्हाळ्यातला घाम कोमट असतो, हा गार असतो. आधी बोटांच्या पेरांवर बारीक टिपके चमकतात, मग ते एकमेकांत मिसळतात, आणि हात खाली सोडला तर करंगळीवरून थेंब ओघळतो. अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि मुठीत ओला रुमाल, असं माझं हिवाळ्यातलं रूप आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

घाम म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, नाहीतर कष्ट. शेतकऱ्याच्या, हमालाच्या घामाला आपल्याकडे मान आहे, आणि तो असायलाच हवा. बसल्या जागी, सावलीत, पंख्याखाली येणाऱ्या घामाला मात्र कारण द्यावं लागतं. ते दिलं नाही तर समोरचा माणूस स्वतःच एक कारण ठरवून टाकतो, आणि ते जवळजवळ नेहमी एकच असतं: ही घाबरली आहे.

तळहातांचा घाम हे मुळात वेगळं प्रकरण आहे. माणसाच्या शरीरावर घामाच्या 20 ते 40 लाख ग्रंथी असतात. आईच्या पोटात साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास त्या सगळ्यांत आधी तळहातांवर आणि तळपायांवर तयार होऊ लागतात, आणि त्यांची दाटीही पुढे तिथेच सर्वांत जास्त राहते. पाठीच्या, छातीच्या ग्रंथी मुख्यतः उष्णतेला उत्तर देतात. तळहातांच्या ग्रंथी मनाला उत्तर देतात. लक्ष एकवटलं, उत्सुकता वाटली, आनंद झाला, धसका बसला, की त्या पाझरतात. बोट किंचित ओलं असलं की पकड घट्ट बसते, म्हणून शरीराने ही सोय करून ठेवली असावी. माझ्यासारख्यांच्या ग्रंथी आकाराने मोठ्या नसतात, संख्येनेही जास्त नसतात. त्यांना मिळणारा हुकूम जास्त असतो. स्वायत्त चेतासंस्थेची अनुकंपी शाखा, जी आपल्या इच्छेला विचारत नाही, ती या ग्रंथींना काम करायला सांगत राहते. नळ धड आहे, वरून पाणी सोडणारा थांबत नाही. वैद्यकात याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. बहुतेकांना तो लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच येतो आणि झोपेत थांबतो.

झोपेत थांबतो हे मला आईकडून कळलं. मी लहान असताना ती रात्री पांघरूण सारखं करायला यायची आणि माझा हात हातात घेऊन बघायची. सकाळी आजीला सांगायची, ‘रात्रभर कोरडी असते हो ही.’ तिच्या आवाजात दिलासा असायचा. तो कशाचा होता ते पुष्कळ उशिरा समजलं. तिचे स्वतःचे हात असेच होते, आणि आपल्याकडून मुलीकडे हे गेलं याची टोचणी तिला होती. अशा माणसांच्या घरात शोधलं तर पुष्कळदा आणखी कोणीतरी सापडतं. आमच्याकडे शोधावं लागलं नाही, पण बोललंही गेलं नाही. आई हळदीकुंकवाला गेली की तिचे हात पदराखाली असायचे. अत्तर लावायला ती हात पुढे करायची, कारण अत्तर मनगटाच्या मागच्या बाजूला लावतात. कुंकू मात्र ती स्वतः कोणाला लावत नसे. बोट करंड्यात घातलं की त्याला चिखलासारखं कुंकू चिकटायचं, म्हणून आमच्या घरच्या हळदीकुंकवाला कुंकू लावायचं काम काकूकडे. आईला कुंकू लावायला आवडत नाही, असंच मी समजत होते.

माझ्या वाट्याला शाळा आली. तेव्हा शाईचं पेन सक्तीचं होतं. हाताखालचा कागद फुगायचा, त्याला सुरकुत्या पडायच्या, आणि वरच्या ओळींतली अक्षरं निळी होऊन पसरायची. मी हाताखाली टिपकागद ठेवायला शिकले, मग घडी घातलेला सुती रुमाल. रांगोळी चिमटीतून सुटत नसे, बोटांतच गोळा व्हायची. फुगडी खेळताना हात सुटायचे. मंगळागौरीला एकदा माझा हात सुटून समोरची मुलगी मागच्या कपाटावर आदळली. त्यानंतर मी बाजूला बसून गाणी म्हणणाऱ्यांत जाऊन बसले. थोड्या वेळाने माझी मामेबहीण आली, तिने मला उठवलं आणि म्हणाली, ‘पंजे कशाला धरायचे? मनगटं धर.’ मनगटं धरून फुगडी छान होते, कदाचित जास्त वेगाने होते. तिने माझ्या हातांबद्दल काही विचारलं नाही, कीव केली नाही, उपाय काढला आणि फेर धरला. इतकं सोपं वागता येतं हे मी तेव्हा पाहिलं.

आजीची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या जुन्या वाड्यात शहाबादी फरशी होती आणि माझे तळपायही ओलेच. मी न्हाऊन नव्हे तर नुसती अंगणातून आत आले तरी काळ्या दगडावर पाच बोटांसकट पाऊल उमटायचं. आजी म्हणायची, ‘गौरीची पावलं काढायला नकोत, ही चालली की उमटतात.’ तिला शरीरशास्त्र माहीत नव्हतं, पण तीच पावलं पाहून तिच्या मनात शंका आली नाही, कौतुक आलं. एकच ओल, वाचणारे दोन. हा फरक मला पुढे फार उपयोगी पडला.

कारण शाळेत वाचणारे दुसऱ्या जातीचे होते. वक्तृत्वस्पर्धेत मला बक्षिसं मिळत. बोलायला उभं राहण्याची मला खरोखर आवड होती. पण व्यासपीठावर जाण्याआधी बाई हात हातात घ्यायच्या आणि दचकून विचारायच्या, ‘अगं, इतकी घाबरलीस?’ मी घाबरलेली नसे. मात्र प्रश्न ऐकल्यावर मनात चाचपणी सुरू व्हायची, की खरंच आपण घाबरलोय का. ती सुरू झाली की घाम वाढायचा, आणि वाढलेला घाम हाच पुरावा ठरायचा. आधी घाम, मग त्याचा अर्थ, आणि त्या अर्थातून भीती, असा हा उलटा क्रम आहे. बाहेरच्यांना तो सरळ दिसतो, कारण त्यांना भीतीपासून सुरुवात झाल्यासारखी वाटते. पुढे कित्येक वर्षं मला ‘आत्मविश्वास वाढव, घाम आपोआप जाईल’ असा सल्ला मिळत राहिला. सल्ला देणारे प्रेमाने देत. पण त्यात गृहीत धरलेलं असतं की कोरडा हात म्हणजे धीट माणूस. माझा आत्मविश्वास कधीच हातात नव्हता, आवाजात होता, हिशेबात होता, माणसांशी बोलण्यात होता. हात ओलेच ठेवून तो वाढला, आणि तसाच वाढू शकतो हे मला ठासून सांगायचं आहे.

तळहातातून मन वाचायची हौस जुनी आहे आणि ती केवळ शाळेतल्या बाईंची नाही. कार्ल युंग यांनी स्वित्झर्लंडमध्ये माणसांना एकेक शब्द ऐकवून त्यांच्या त्वचेतून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेचा फरक गॅल्व्हानोमीटरवर मोजला. त्या प्रयोगांवरचा निबंध 1907 साली प्रसिद्ध झाला. घाम वाढला की त्वचेतून वीज सहज वाहते, एवढं साधं तत्त्व. पुढे खोटं पकडण्याच्या यंत्रात रक्तदाब आणि श्वास यांच्या जोडीला हीच नोंद घेतली जाऊ लागली. त्या यंत्राला मनातली खळबळ तेवढी कळते, तिचं कारण कळत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला की माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. मी तो निर्णय वाचला तेव्हा मला वैयक्तिक आनंद झाला. मुलाखतीच्या खोलीत, साहेबाच्या केबिनमध्ये, सासरच्या पहिल्या भेटीत, माझ्या संमतीवाचून ही चाचणी सतत होत आलेली आहे. साहित्यानेही त्यात भर घातली. चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला कपटी युराया हीप आठवा. त्याचा गार, ओलसर हात हीच त्याच्या कपटाची खूण म्हणून पुन्हापुन्हा येते. कॉलेजात ती कादंबरी अभ्यासाला होती, आणि तो हात मी ज्या नजरेने वाचला त्या नजरेने वर्गात दुसऱ्या कोणी वाचला नसेल.

या सगळ्याला उत्तर मला नाटकात मिळालं.

मी बँकेत लागले तेव्हा आमच्याकडे हौशी नाटकवाल्यांची चांगली टोळी होती. दिवसभर काउंटर, संध्याकाळी तालीम, आणि हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धा. 1954 पासून चालत आलेल्या या स्पर्धेने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या कारकुनांना, मास्तरांना आणि गृहिणींना रंगमंचावर आणलं. नाशिकला आमचे प्रयोग साईखेडकर नाट्यगृहात व्हायचे. मला एका वकील बाईची भूमिका मिळाली होती. पहिल्या तालमीतच मी दिग्दर्शकांना बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या हातात काचेची वस्तू देऊ नका, निसटेल. ते पेशाने संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी नाट्यशास्त्राची प्रत घेऊन आले आणि सातवा अध्याय उघडून माझ्यासमोर ठेवला. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, हे आठ सात्त्विक भाव. हात हलवणं, भुवई उचलणं नटाला ठरवून करता येतं. हे आठ मन पूर्ण एकाग्र झाल्याशिवाय येत नाहीत. त्यात घाम दुसरा. भरताने त्याची कारणं दिली आहेत: राग, भीती, हर्ष, लाज, दुःख, श्रम, रोग, ताप, व्यायाम, थकवा, ऊन आणि आणखी काही. रंगमंचावर तो कसा दाखवायचा तेही सांगितलं आहे: पंखा घ्यावा, घाम पुसावा, वाऱ्याची इच्छा दाखवावी.

मी ती यादी पुन्हापुन्हा वाचली. इतक्या कारणांत भीती एक. आणि भीतीच्या शेजारी हर्ष बसलेला. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या या ग्रंथात एका घामाला इतके दरवाजे उघडे ठेवलेले होते, आणि माझ्या भोवतालच्या माणसांनी एक सोडून सगळे बंद करून घेतले होते. सर म्हणाले, ‘तुम्ही भूमिकेत शिरलात की हात पाझरू द्या. बघू काय होतं ते.’ प्रयोगाच्या रात्री विंगेत उभी असताना सोबतच्या नटीने माझा हात धरला आणि कुजबुजली, ‘घाबरू नका.’ मी म्हटलं, ‘घाबरले नाही, तयार आहे.’ हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर मनातली नेहमीची चाचपणी सुरू झाली नाही. त्या अंकात माझा उलटतपासणीचा लांब प्रवेश होता. हातातला कागद शेवटी भिजून मऊ झाला होता आणि आवाज एकदाही हलला नाही. घाम आणि भीती या दोन गोष्टी मला त्या रात्री पहिल्यांदा वेगवेगळ्या दिसल्या, आणि नंतर कधी पूर्णपणे एक झाल्या नाहीत.

बँकेतलं काम हातांचंच होतं. रोखपालाच्या टेबलावर बोटं भिजवायला स्पंजची डबी असते. मला ती लागली नाही. उलट कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून दोनाची एक मोजली जाईल ही चिंता, म्हणून प्रत्येक पुडकं दोन्ही बाजूंनी मोजायचं. खातेवहीवर सही करताना हाताखाली टिपकागद. पुढे मोजणीची यंत्रं आली आणि तो ताण गेला. मग संगणकात शिरायला बोटाचा ठसा लागू लागला आणि नवा ताण आला. ओलं बोट काचेवर ठेवलं की यंत्र मला ओळखायलाच तयार नसे. पुसा, ठेवा, पुन्हा पुसा. रांग वाढलेली.

याच काळात माझी बदली सिन्नर भागात झाली. बिडी वळणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, कांद्याच्या चाळीत राबणारी माणसं अनुदानाचे पैसे काढायला यायची. त्यांचेही ठसे उमटायचे नाहीत. तंबाखू, सिमेंट आणि माती यांनी बोटांवरच्या रेषा घासून गेलेल्या. आधार योजनेची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली. कष्टकऱ्यांच्या गावातून सुरुवात करूनही त्यांचीच बोटं यंत्राला अनोळखी राहावीत याचं मला फार वाईट वाटायचं. कोरड्या, झिजलेल्या बोटाला जरासा ओलावा दिला तर कधीकधी ठसा उठतो. माझ्या बोटाला कोरडेपणा द्यावा लागतो. माझ्या खणात म्हणून दोन फडकी असायची, एक ओलं, एक सुकं. काउंटरच्या त्या बाजूला एखादी आजी आणि या बाजूला मी, दोघी आपापलं बोट पुसत आहोत आणि यंत्र दोघींनाही नाकारतं आहे, असं अनेकदा झालं. यंत्र करणाऱ्याने कोणाचं बोट समोर ठेवून ते केलं? हा प्रश्न मी वरिष्ठांच्या बैठकीत विचारला, माझा हात पुढे करून दाखवत विचारला. बुबुळांची नोंद असते, ओटीपी असतो, त्या वाटा शाखेत खुल्या ठेवा, यासाठी मी भांडले. स्वतःच्या हातांसाठी मी इतक्या जोरात कधी बोलले नसते.

ठसा मुळात घामाचाच असतो हे तेव्हाच वाचलं. बोटांच्या उंचवट्यांवर घामाची छिद्रं असतात, आणि वस्तूवर जी अदृश्य खूण मागे राहते ती त्यातल्या ओलीची, क्षारांची आणि हाताला लागलेल्या तेलकटपणाची. 1897 साली कलकत्त्यात जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग निघाला, तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचं मोठं काम केलं. जगभरच्या पोलिसांचा भरवसा शेवटी या ओलीवर आहे.

लग्नाबद्दल थोडंच सांगते. कन्यादानाच्या वेळी हातांवर पाण्याची धार धरतात, सगळ्यांचेच हात भिजतात, त्यामुळे तो विधी निर्धास्त पार पडला. सप्तपदीला तांदळाच्या राशीवर पाऊल ठेवलं की दाणे तळव्याला चिकटून पुढच्या राशीपर्यंत यायचे. नवऱ्याने ते पाहिलं. होमाच्या धुरात त्याने भटजींकडून पंचाचं एक टोक मागून घेतलं आणि मला हळूच विचारलं, ‘पाय पुसायला देऊ?’ ‘घाबरलीस का’ असं त्याने विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

डॉक्टरांकडे मी उशिरा गेले, आणि एकटी मीच उशिरा गेले असं नाही. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत 2.8 टक्के लोकांना असा अतिघाम असल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या फक्त 38 टक्क्यांनी डॉक्टरांजवळ विषय काढलेला होता. ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे का, असं वाटतं. ‘रक्त पातळ आहे’, ‘हृदय नाजूक आहे’, ‘अंगात उष्णता आहे’ अशी घरगुती निदानं आधीच झालेली असतात. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला नीट प्रश्न विचारले. कधीपासून, दोन्ही हातांना का, झोपेत येतो का, वजन घटलं का, रात्री अंथरूण भिजतं का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. लहानपणापासून तळहात-तळपायांना येणारा घाम वेगळा, आणि मोठ्या वयात अचानक सगळ्या अंगाला सुटणारा, रात्री झोपेतून उठवणारा घाम वेगळा. त्यामागे थायरॉईड, क्षय, रक्तातली साखर उतरणं, रजोनिवृत्ती, काही औषधं किंवा आणखी गंभीर कारण असू शकतं, आणि तिथे वेळ घालवू नये.

उपचार आहेत, हे तर प्रत्येकाला कळायलाच हवं. लहानपणी आई मला तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायला लावायची. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. बाईंनी पहिलं औषध दिलं तेही ॲल्युमिनियम क्लोराईडचं, रात्री कोरड्या हातांना लावून झोपायचं. झोपेत ग्रंथी शांत असतात, तेव्हा ते छिद्रांच्या तोंडाशी बसतं. आईच्या वाटीतली तुरटी आणि दुकानातली बाटली एकाच घराण्यातली निघाली, हे ऐकून आईचा चेहरा खुलला होता. काखेतल्या घामासाठी बोटॉक्सच्या सुया आहेत, अमेरिकेत त्यांना 2004 मध्ये मान्यता मिळाली; तळहातांवरही देतात, पण तिथे दुखतं, काही दिवस पकड ढिली होऊ शकते, आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्याव्या लागतात. ग्रंथींना मिळणारा हुकूम अडवणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांनी तोंड कोरडं पडतं. आणि छातीतली अनुकंपी चेतातंतूंची साखळी दुर्बिणीतून कापायची शस्त्रक्रिया आहे. तिने हात कोरडे होतात, मात्र पुष्कळांना नंतर पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम सुटू लागतो, आणि कापलेलं पुन्हा पूर्ववत करता येईल याची हमी नाही. मी ती केली नाही. कोणी नीट समजून करून घेतली आणि सुखी झाला तर मला आनंदच आहे. मला फक्त इतकं वाटतं की हा निर्णय मुलाखतीच्या किंवा लग्नाच्या तारखेने घेऊ नये.

मी बाटली वापरते, थंडीत हात फुटले की थांबवते. सुती कपडे, उघड्या चपला, पिशवीत दोन रुमाल. आणि हात पुढे करण्याआधी एक वाक्य: ‘माझा हात ओला लागेल, तो तसाच असतो.’ मग हात देते. पूर्वी मी नमस्कारावर भागवायची. नमस्कार सुंदरच आहे, पण मी तो लपण्यासाठी वापरत होते आणि ते मला नको झालं होतं. वाक्य सांगितलं की समोरच्याला अर्थ शोधावा लागत नाही. बहुतेक जण म्हणतात, ‘असू दे की.’ काही जण आवाज खाली आणून म्हणतात, ‘माझ्या बहिणीला आहे’, ‘माझ्या मुलाला आहे’, आणि मग आम्ही वीस मिनिटं बोलत उभे राहतो.

माझी भाची पुण्यात रसायनशास्त्र शिकते. तिचेही हात असेच. प्रयोगशाळेत रबरी हातमोजे घातले की अर्ध्या तासात आत पाणी साचायचं आणि चंचुपात्र निसटायची भीती. तिने स्वतःच शोध लावून आत पातळ सुती मोजे घालायला सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी आपल्या जोडीदारणीला सांगून टाकलं. मला फोनवर म्हणाली, ‘आत्या, तू इतकी वर्षं रुमालावर कशी काढलीस? आपण मशीन घेऊ या.’ आयन्टोफोरेसिसचं यंत्र. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात ठेवायचे आणि त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून काही वेळा. काही आठवड्यांत घाम कमी होतो, मग अधूनमधून चालू ठेवावं लागतं. गर्भारपणात, पेसमेकर असलेल्यांना किंवा शरीरात धातू बसवलेल्यांना ते आपल्या मनाने करता येत नाही. बाईंना विचारून आम्ही ते घेतलं. दोन्ही हात पाण्यात असताना बटण फिरवायला तिसरा हात लागतो, म्हणून सुट्टीत ती नाशिकला आली की तिची पाळी असताना मी बटणाशी बसते आणि माझ्या पाळीला ती.

गेल्या वेळी आई शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होती. वयामुळे तिचा घाम पूर्वीइतका राहिलेला नाही, पण आहे. भाचीने हात बाहेर काढून पुसले तेव्हा आई म्हणाली, ‘मला चालेल का गं हे?’

तिने आपल्या हातांबद्दल आपणहून काही विचारल्याचं मला आठवत नाही. भाची लगेच म्हणाली, ‘आजी, पाटल्या आणि अंगठी काढावी लागेल हं.’

‘काढेन की.’

पण तिच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला आहे. प्रवाह एका हातातून दुसऱ्या हाताकडे जातो, गुडघ्याकडे नाही, तरी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय नको, असं मी म्हटलं. आईने मान डोलावली आणि फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाली, ‘मग आत्ताच विचार, कधी येऊ ते.’ मंगळवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. काय काय सांगायचं याची यादी ती स्वतः करते आहे, हाताखाली टिपकागद घेऊन.